नव्या बाबाला दुसरा बाबा कशाला हवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सात आठवड्यांची आहे. तुम्ही पुस्तकं वाचलीत, व्हिडिओ पाहिलेत, डॉक्टरांचा नंबर हाताशी आहे. तरी रात्री ती रडायला लागली की तुमचे हातपाय गळतात. तुमचे वडील घरात होते, पण तुमच्या वाट्याला फारसे आले नाहीत, त्यामुळे बाप म्हणून कसं वागायचं याचं चित्र डोळ्यांसमोर नाही. ऑफिसातले एक सहकारी, ज्यांचा मुलगा तीन वर्षांचा आहे, तुम्हाला म्हणाले, "कधीही बोलावंसं वाटलं तर सांग." तुम्ही विचारता, बापपणातही मेंटॉर असणं खरंच उपयोगाचं आहे का? आणि दुसऱ्या पुरुषाला ‘मला जमत नाहीये’ असं सांगणं कमीपणाचं नाही का?

मी २२ वर्षं कुटुंब-समुपदेशन करतो आहे आणि त्यातली १५ वर्षं नव्या बाबांचे गट चालवतो आहे. उत्तर आधीच देतो. बोला, आणि याच आठवड्यात बोला.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण सहज वापरतो, पण तिच्यात एक अट लपलेली आहे. पुढच्याला ठेच लागली हे मागच्याला दिसायला हवं. बापपणातल्या ठेचा नेमक्या बंद दाराआड लागतात. बायका निदान एकमेकींना दुधाबद्दल, टाक्यांबद्दल, झोपेबद्दल विचारतात. दोन पुरुष भेटले की "काय, बाळ बरं?" "हो, मजेत." झालं. त्यामुळे प्रत्येक नवा बाप त्याच दगडाला नव्याने ठेचकाळतो आणि ही ठेच फक्त आपल्यालाच लागली असं समजून गप्प बसतो. आमच्या गटात म्हणूनच आम्ही ‘मेंटॉर’ हा शब्द फारसा वापरत नाही. आम्ही ‘पुढचा बाबा’ म्हणतो. तो गुरू नसतो की तज्ज्ञ नसतो. आपल्यापुढे चार पावलं गेलेला आणि स्वतःला ठेच कुठे लागली हे सांगायची तयारी असलेला माणूस, एवढीच त्याची पात्रता.

आता तुमच्या रात्रींकडे येतो, कारण तिथे तुम्हाला आज मदत हवी आहे. तान्ह्या बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बरंच ओसरतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आयांना रडण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या, तेव्हा सहाव्या आठवड्यात निरोगी बाळंही दिवसाकाठी पावणेतीन तासांच्या आसपास रडताना आढळली. म्हणजे तुम्ही ऐन शिखरावर उभे आहात. हे तुम्ही कदाचित वाचलंही असेल. पण पहाटे तीन वाजता वाचलेलं आठवत नाही. त्या वेळी आठवतो तो एखाद्या माणसाचा आवाज. "आमचा पण असाच रडायचा. मी एकदा त्याला पाळण्यात ठेवून बाहेर गेलो आणि भिंतीला टेकून बसलो." हे कुणी सांगितलेलं असेल, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवून पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जायची मुभा तुम्ही स्वतःला देता. ती मुभा किती मोलाची आहे, हे मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. बाळाला गदागदा हलवल्याने मेंदूला होणाऱ्या भीषण इजा बहुतेक वेळा अशाच असह्य रडण्याच्या क्षणी होतात, आणि ते करणारी माणसं राक्षस नसतात. ती थकलेली, एकटी, कुणालाही न सांगू शकणारी माणसं असतात.

दुसरी गोष्ट मनाची. बाळंतपणानंतरचं नैराश्य आईलाच येतं, हा समज अजून घट्ट आहे. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २८ हजार लोकांची माहिती होती. गरोदरपण ते बाळाचा पहिला वाढदिवस या काळात साधारण दहापैकी एका बापाला नैराश्य आलेलं दिसलं. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना हे प्रमाण सर्वांत जास्त, जवळपास चारात एक, होतं. आई नैराश्यात असेल तर बापालाही ते असण्याची शक्यता वाढते, असंही त्यात दिसलं. तुमची मुलगी अजून त्या टप्प्यावर आलेली नाही. म्हणून मी ‘याच आठवड्यात’ म्हणालो. माणूस बुडायला लागल्यावर मेंटॉर शोधत नाही, तेवढं बळच उरत नाही. ओळख आधी झालेली असावी लागते.

पुरुषाचं नैराश्य नेहमी रडवेलं नसतं, हेही सांगून ठेवतो. तो चिडचिडा होतो, ऑफिसात जास्त वेळ थांबतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, पिणं वाढतं. घरच्यांना वाटतं, याला बाळाचं काही पडलेलं नाही. ज्याने स्वतः हे भोगलंय तो दुसरा बाप दहा मिनिटांत ओळखतो.

आमच्या गटातला एक प्रसंग सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक तरुण बाबा तीन भेटींना आला आणि तिन्ही वेळा त्याने फक्त वस्तूंबद्दल विचारलं. बाबागाडी कुठली, डायपर कुठले, खोलीचं तापमान किती. पुढचा बाबा शांतपणे उत्तरं देत राहिला. चौथ्या भेटीनंतर चपला घालता घालता, दाराशी, पाठमोरं राहूनच त्याने विचारलं, "तुला कधी वाटलं का, की हे मूल नकोच होतं?" पुढचा बाबा म्हणाला, "हो. चौथ्या आठवड्यात. पहाटे." एवढंच. उपदेश नाही, खांद्यावर हात नाही. तो मुलगा चपला काढून परत आत आला आणि दीड तास बोलला. पुढे तो डॉक्टरांकडेही गेला, औषधोपचार झाले, आज त्याची मुलगी शाळेत जाते. त्या एका ‘हो’ शिवाय तो दवाखान्यापर्यंत पोचला नसता, असं तो स्वतः सांगतो. इतक्या वर्षांत मला हे पक्कं कळलं आहे की पुरुषांचा खरा प्रश्न नेहमी दाराशी येतो. तो येईपर्यंत डायपरबद्दल बोलत राहायची चिकाटी ज्याच्याकडे आहे, तो चांगला मेंटॉर.

कमीपणाबद्दल तुम्ही विचारलंत. तुम्ही गाडी चालवायला कुणाशेजारी बसून शिकलात, ऑफिसचं काम कुणाच्या हाताखाली शिकलात, आणि त्यात कमीपणा वाटला नाही. बापपण मात्र रक्तातूनच यायला हवं असं आपण धरून चालतो. तसं ते येत नाही. ते करण्यातून येतं, आणि हे अगदी शरीराच्या पातळीवर खरं आहे. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचा साडेचार वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जे त्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांमधलं मुख्य संप्रेरक, इतरांपेक्षा लक्षणीय उतरलं, आणि बापांमध्येही जे रोज तीन किंवा जास्त तास मुलाची देखभाल करत होते त्यांची पातळी सर्वांत कमी होती. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की जे बाप बाळाचा मुख्य सांभाळ करतात, त्यांच्या मेंदूतला धोक्याची चाहूल घेणारा भाग आईच्या मेंदूसारखाच जागा झालेला असतो. म्हणजे बाळाच्या अंगावर हात फिरवून फिरवून बाप तयार होतो. मेंटॉरचं काम त्याला ती पहिली पन्नास वेळा हात लावायचं धैर्य देणं, इतकं साधं आहे.

म्हणून मी नेहमी सुचवतो की भेट मुलांसकट व्हावी. अमेरिकेत ‘बूट कॅम्प फॉर न्यू डॅड्स’ नावाचा उपक्रम १९९० मध्ये सुरू झाला. त्याची रचना मला फार आवडते. काही महिन्यांपूर्वी बाप झालेले पुरुष आपली बाळं घेऊन येतात आणि अजून बाप व्हायचे असलेल्यांच्या हातात ती देतात. मधेच एखादं बाळ रडतं, एखादं दूध ओकतं, त्याचा बाबा बोलता बोलता खांदा पुसतो आणि पुढे बोलतो. ते खांदा पुसणं कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून जातं. ज्याने आयुष्यात कधी पुरुषाला बाळ सांभाळताना पाहिलेलंच नाही, त्याच्यासाठी तर ते डोळे उघडणारं असतं.

आता मेंटॉर कोण असावा. तुमच्या सहकाऱ्यांचा मुलगा तीन वर्षांचा आहे, हे अंतर उत्तम आहे. दोन ते पाच वर्षं पुढे असलेल्या माणसाला सगळं ताजं आठवतं आणि तो गटांगळ्या खाण्यातून बाहेरही आलेला असतो. वीस वर्षांपूर्वी बाप झालेल्यांच्या आठवणी गुळगुळीत झालेल्या असतात. "आमची मुलं कधी रडलीच नाहीत" असं सांगणारे सगळे खोटं बोलत नसतात, ते खरंच विसरलेले असतात. मोठ्या माणसांचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो. मूल दहावी-बारावीच्या वयाचं होऊन दार लावून घ्यायला लागलं की ज्याने ते दार पुन्हा उघडताना पाहिलंय असा माणूस हवा. तो तुम्हाला पुढे लागेल. मूल विशेष गरजांचं असेल किंवा आईवडील वेगळे राहत असतील, तर मात्र त्याच वाटेवरचाच बाप शोधावा. बाकीचे कितीही भले असले तरी त्यांचे सल्ले तिथे बोचतात.

आणि स्वतःचे वडील? त्यांना वगळा असं मी मुळीच म्हणत नाही. पण वडिलांशी बोलताना मधे एक जुना हिशेब असतो. तुम्ही "मी तिला जवळ घेऊन झोपवतो" म्हणालात, की त्यांना ते ‘तुम्ही मला घेतलं नाहीत’ असं ऐकू येऊ शकतं. परक्या बापाशी हा हिशेब नसतो. गंमत अशी की परक्या बापाशी वर्षभर बोललेले कितीतरी जण मग आपल्या वडिलांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतात. त्यांना कळतं की हा माणूस कोरडा नव्हता, एकटा होता. त्यालाही कुणी पुढचा बाबा मिळाला नव्हता.

कुणाला टाळायचं, तेही स्पष्ट सांगतो. ज्याच्या बोलण्यात स्वतःची एकही चूक येत नाही, त्याला टाळा. जो तुमच्यासमोर स्वतःच्या बायकोची टिंगल करतो आणि तुम्हीही करावी अशी वाट बघतो, त्याला टाळा. आणि "मी मार खाल्ला म्हणून घडलो" हे ज्याचं तत्त्वज्ञान आहे, त्याच्याशी मैत्री ठेवा हवी तर, पण बापपण त्याच्याकडून शिकू नका. मुलांना मारण्यावरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा, एक लाख साठ हजारांहून अधिक मुलांची माहिती घेऊन केलेला आढावा २०१६ मध्ये आला. मारण्याचा संबंध जास्त आक्रमकतेशी, जास्त मानसिक त्रासाशी आणि आईबापांशी बिघडलेल्या नात्याशी दिसला, आज्ञाधारकपणा वाढल्याचं काही दिसलं नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडं स्वतःचं सांगायचं आहे. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना एका संध्याकाळी मी त्याचा दंड इतक्या जोरात धरला की माझ्या बोटांच्या खुणा उठल्या. तोवर मी समुपदेशक झालो होतो, लोकांना शांत राहायला शिकवत होतो. चार महिने मी हे कुणालाही सांगितलं नाही. बायकोला माहीत होतं, तिने नजरेनेच सांगितलं होतं. मग शेजारचे एक गृहस्थ, दोन मुलींचे वडील, एकदा सहज बोलता बोलता म्हणाले की मोठीच्या पाठीत त्यांनी एकदा धपाटा घातला होता, आणि त्या रात्री तिच्या पलंगाशी जमिनीवर बसून ते तिला म्हणाले होते, "बाबाचं चुकलं. तू वाईट नाहीस. बाबाला राग आवरता आला नाही." मी विचारलं, "मग ती डोक्यावर नाही बसली?" ते म्हणाले, "नाही. शेजारी येऊन बसली."

त्या रात्री मी घरी जाऊन मुलाला तेच सांगितलं, चार महिने उशिरा. त्याला तो प्रसंग आठवत होता की नाही, मला माहीत नाही. मला आठवत होता, आणि त्या दिवसापासून मी वेगळा वागू लागलो. राग चढायला लागला की मी खाली जमिनीवर बसतो. हे तंत्र मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं, ते एका माणसाच्या कबुलीतून मिळालं. चुकू नये हे सगळेच शिकवतात. चुकल्यावर मुलाकडे परत कसं जायचं हे मात्र जो गेलेला आहे त्याच्याकडूनच कळतं. मेंटॉर म्हणून मी माणसं निवडतो तेव्हा त्यांना एकच प्रश्न विचारतो, ‘मुलाची माफी शेवटची कधी मागितली होती?’ ज्याला उत्तर लगेच आठवतं तो चालतो.

अशी माणसं एकत्र आली की घरात खरंच फरक पडतो का, याचं चांगलं उदाहरण रवांडात आहे. तिथे ‘बंदेबेरेहो’ या उपक्रमात लहान मुलांच्या किंवा होऊ घातलेल्या बापांच्या १५ बैठका झाल्या, काही बैठकांना बायकाही होत्या, आणि बैठका घेणारे त्याच वस्तीतले बाप होते. सुमारे १२०० जोडप्यांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पावणेदोन वर्षांनंतर तुलना केली तेव्हा उपक्रमातल्या घरांत बायकांवरची हिंसा कमी होती, मुलांना मारणं कमी होतं, आणि पुरुष मुलांच्या आणि घरच्या कामात जास्त वेळ देत होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांऐवजी वस्तीतल्याच बापांनी हे काम केलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

एका कामाकडे तुमचं लक्ष वेधतो, कारण नव्या बाबांच्या ते सहसा लक्षातच येत नाही. विकास-मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बापाच्या सहभागाचे तीन भाग पाडले. मुलाशी प्रत्यक्ष वेळ घालवणं, हाक मारली तर जवळ असणं, आणि जबाबदारी. पहिली दोन पुरुष लवकर शिकतात. तिसरी म्हणजे पुढची लस कधी आहे, कपडे लहान होत आलेत का, ताप किती झाला की डॉक्टरांना फोन करायचा, हे न विचारता लक्षात ठेवणं. हे ओझं बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यावर असतं आणि ते दिसत नाही. आमच्या गटातला एक पुढचा बाबा प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच भेटीत विचारतो, "पुढची लस कधी आहे?" बहुतेक जण म्हणतात, "बायकोला विचारून सांगतो." तो त्यावर काही बोलत नाही. पुढच्या भेटीला लोक तारीख पाठ करून येतात. तुम्हाला आत्ता तुमच्या मुलीची तारीख माहीत आहे का, पाहा.

मेंटॉरच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. तो डॉक्टर नाही. बाळाला ताप असेल, ते दूध पीत नसेल, मलूल पडलं असेल, तर कुणा बाबाला मेसेज न करता थेट दवाखाना गाठायचा. तुम्हाला स्वतःला दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, आणि शेवटच्या बाबतीत त्याच दिवशी. चांगला मेंटॉर अशा वेळी तुमच्याबरोबर दवाखान्यात येऊन बाहेर बाकावर बसतो. आणि तुमच्या दोघा नवरा-बायकोतलं भांडण त्याच्यापुढे न्यायनिवाड्यासाठी नेऊ नका. तो तुमची एकच बाजू ऐकणार आहे. बायकोला ‘मी अमुक माणसाशी बोलतोय’ हे माहीत असावं आणि तिच्या खासगी गोष्टी तिला न विचारता बाहेर जाऊ नयेत, इतकं पाळलं तरी पुरे.

वेळ फार लागत नाही. पंधरवड्यातून एक भेट आणि अधूनमधून एखादा मेसेज. पहिल्या दोन-तीन भेटी अवघडल्यासारख्या जातील, त्यावरून माणूस चुकला असं ठरवू नका. समोरासमोर बसण्यापेक्षा बाळ घेऊन शेजारी शेजारी चालत बोललेलं पुरुषांना सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. "काही टिप्स द्या" असं विचारू नका, टिप्स तुमच्याकडे खूप आहेत. "सातव्या आठवड्यात तुम्ही कसे होतात?" असं विचारा. "तुमचा सर्वांत वाईट दिवस कुठला होता?" असं विचारा. आणि ते गप्प बसले तर ती शांतता तुम्ही लगेच भरून काढू नका.

सहकाऱ्यांना काय लिहायचं, इथेच शेवटी अडतं, म्हणून मजकूरही देतो. "तुम्ही म्हणाला होतात म्हणून विचारतोय. सात आठवडे झाले, रात्री मुलगी रडली की मला काही सुचत नाही. शनिवारी सकाळी अर्धा तास चालायला याल का? तिला घेऊन येतो." पाठवण्यापूर्वी बायकोला दाखवा. तुम्ही आणि मुलगी बाहेर असाल तेवढा वेळ बायकोला झोपू द्या, आणि परत आल्यावर घंटी न वाजवता स्वतःच्या किल्लीने दार उघडा.